दीडशे अंशांच्या पलीकडे : फेज-चेंज मेमरीच्या फिल्मवरच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२५, सोमवार

आजपासून ही वही. गटात नवी मुलं येणार आहेत. त्यांना वाचून पुढचं काम उचलता यावं म्हणून सुरुवातीचं थोडं सविस्तर लिहिते.

जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियम २:२:५ या प्रमाणात घेऊन जो पदार्थ होतो (यापुढे नुसतं जीएसटी), त्याची अस्फटिक अवस्था जास्त तापमानाला टिकवायची, हे आपलं काम. फेज-चेंज मेमरी सगळी पदार्थाच्या दोन अवस्थांवर उभी आहे. अणू विस्कळीत असले, म्हणजे पदार्थ अस्फटिक असला, की विद्युतरोध खूप मोठा. अणू रांगेत बसले, स्फटिक झाला, की तोच रोध हजारपटीने किंवा त्याहूनही जास्त उतरतो. वीज गेली तरी अणू आपली जागा सोडत नाहीत, म्हणून माहिती राहते. लिहायचं तेही उष्णतेनेच. विजेचा जोरदार पण आखूड पल्स (झटका) दिला की छोटासा ठिपका सहाशे अंशांच्या वर वितळतो आणि पल्स तुटताच काही नॅनोसेकंदांत गोठतो. अणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही. मध्यम पल्स थोडा जास्त वेळ धरला की तो मिळतो. साखरेचा पाक भरकन थंड केला तर काचेसारखा होतो आणि सावकाश निवू दिला तर खडीसाखर धरतो, तसंच हे.

मॅडमनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "सुधारायचं म्हणतेस, ते कशासाठी? वेगासाठी, विजेच्या बचतीसाठी, की टिकण्यासाठी? तिन्ही एकदम मिळत नाहीत." आम्ही टिकणं निवडलं आहे. मोटारगाडीतल्या सर्वांत कडक प्रतीच्या मायक्रोकंट्रोलरला (यंत्रणा चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपला) आजूबाजूचं तापमान १५० अंश असतानाही चालावं लागतं. त्याआधीही एक परीक्षा असते. चिपमध्ये प्रोग्राम भरून ती बोर्डावर बसवतात तेव्हा सोल्डर वितळवणाऱ्या भट्टीत ती सुमारे २६० अंशांपर्यंत तापते. साध्या जीएसटीची फिल्म दीडशेच्या आसपासच स्फटिक होऊ लागते. म्हणजे बोर्डावर बसायच्या आधीच प्रोग्राम पुसला गेलेला.

१२ जून

टार्गेट आलं, म्हणजे जीएसटीची चकती. निर्वात चेंबरमध्ये प्लाझ्मातले आयन तिच्यावर आदळवून सुटलेले अणू फिल्म म्हणून बसवायचे, यालाच स्पटरिंग म्हणतात. हातमोजे आणि मास्क सक्तीचे. टेल्युरियम शरीरात गेलं तर श्वासाला लसणासारखा वास येतो आणि तो बरेच दिवस जात नाही. वास येणं म्हणजे काळजी कमी पडल्याची खूण, हे प्रत्येकाने लक्षात ठेवावं.

यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झाला, त्यामुळे हवा आतापासूनच ओली आहे. चेंबर उघडला की भिंतींवर पाण्याचा थर बसतो आणि मग पंप कितीही चालवला तरी दाब लवकर खाली येत नाही. म्हणून चेंबर कोरड्या नायट्रोजननेच उघडायचा, दार कमीत कमी वेळ उघडं ठेवायचं आणि बंद केल्यावर भिंती तापवायच्या. दाब दहाचा उणे सहावा घात मिलिबारपर्यंत आल्याशिवाय प्लाझ्मा पेटवायचा नाही.

२० जून

पहिल्या फिल्म झाल्या. खाली सिलिकॉनचा वेफर, त्यावर ऑक्साइड, वर साधारण शंभर नॅनोमीटर जीएसटी. ऑक्साइड हवाच. नाहीतर प्रवाह खालच्या सिलिकॉनमधून जातो आणि आपण भलत्याच पदार्थाचा रोध मोजत बसतो.

खोलीच्या तापमानाला बसवलेली फिल्म अस्फटिक येते. एक तुकडा हॉटप्लेटवर ठेवून पाहिला. रंग बदलला आणि फिल्म जास्त चकचकीत झाली. याच फरकावर डीव्हीडी-रॅम चालायची. लेझरने ठिपके वितळवायचे आणि परावर्तन मोजून वाचायचं. जीएसटीची ओळख जगाला आधी तबकडीतून झाली. १९८० च्या दशकाच्या शेवटी जपानमधल्या मात्सुशिताच्या संशोधकांनी जर्मेनियम टेल्युराइड आणि अँटिमनी टेल्युराइड यांना जोडणाऱ्या रेषेवरची मिश्रणं तपासली, त्यातून हे प्रमाण पुढे आलं. पहिला घटक टिकाऊ आणि दुसरा चपळ. रेषेवर एका टोकाकडे सरकलं की दुसऱ्या टोकाचा गुण घटतो. मॅडमचा प्रश्न तिथून आला आहे.

२७ जून

आज नुसती चर्चा झाली, पण या प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आजचा आहे. एकही नमुना उघडा ठेवायचा नाही.

कारण असं. जीएसटी हवेत निघाली की पृष्ठभागावरचं जर्मेनियम सर्वांत आधी ऑक्सिजनशी जुळतं. वरच्या काही नॅनोमीटरमधून ते ऑक्साइडमध्ये गेलं की खाली जर्मेनियम कमी आणि टेल्युरियम जास्त असा थर उरतो. तो लवकर स्फटिक होतो आणि पुढची वाढ तिथूनच सुरू होते. म्हणजे उघड्या फिल्मचं स्फटिकीभवनाचं तापमान हे तिच्या कातडीचं तापमान असतं. जर्मेनियम टेल्युराइडवर हा प्रयोग नीट झालेला आहे. हवा लागलेली फिल्म १८० अंशांच्या आसपास स्फटिक होते, तर निर्वातातच झाकलेली सुमारे २३० पर्यंत थांबते. पन्नास अंशांचा हा फरक कुठल्याही डोपिंगशिवाय, म्हणजे दुसरं मूलद्रव्य न मिसळता, पडलेला आहे! जुने शोधनिबंध वाचताना डोपिंगमुळे अमुक अंश वाढले असं दिसलं की मी आता आधी फिल्म झाकलेली होती का ते शोधते. मुंबईच्या पावसाळ्यात तर हा प्रश्न जास्तच जवळचा आहे.

पण झाकण विजेचं रोधक असेल तर वरून सुया टेकवून रोध मोजता येत नाही. म्हणून संपर्क आधी खाली बसवायचे. चौकोनाच्या चार कोपऱ्यांत धातूचे चार ठिपके, त्यावर जीएसटी आणि निर्वात न मोडता लगेच वर सिलिकॉन नायट्राइड. त्यासाठी पातळ पत्र्याचे कापलेले मास्क लागणार. वर्कशॉपमधल्या काकांना चित्र काढून दिलं. त्यांनी विचारलं, "अगं, ठिपके सोन्याचे का नाही करत? सोनं गंजत नाही." प्रश्न अगदी योग्य होता. पण टेल्युरियम हे सोन्याशी संयोग पावणाऱ्या मोजक्या मूलद्रव्यांपैकी आहे. खाणीत सोन्याची टेल्युराइडं सापडतातच. चांदी, तांबं आणि ॲल्युमिनियम यांचाही टेल्युरियमशी संयोग होतो. म्हणून टंगस्टन घ्यायचं ठरलं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग पत्रा मी स्टेनलेसचा घेतो, कडा साफ येतील."

८ जुलै

काकांचे मास्क उत्तम. कडा खरंच साफ आल्या.

रोध आणि तापमान यांचे आलेख सुरू केले. नमुना आर्गॉनच्या झोतात तापवायचा, दोन संपर्कांतून अगदी लहान प्रवाह सोडायचा आणि उरलेल्या दोनांवर व्होल्टेज वाचायचं. चौकोन सममित असेल तर त्यांच्या भागाकाराला ४.५३ ने गुणलं की पृष्ठरोध (फिल्मच्या चौरस तुकड्याचा रोध) मिळतो. दर वेळी संपर्कांच्या जोड्या फिरवून पुन्हा वाचायचं. दोन आकडे जुळले नाहीत तर ठिपके नीट बसलेले नाहीत असं समजून नमुना बाजूला ठेवायचा.

आलेख पहिल्यांदा समोर उमटताना पाहणं हा फार मोठा आनंद आहे. सुरुवातीला रोध हळूहळू उतरतो, कुठल्याही अर्धवाहकाचा उतरतो तसा. मग काही अंशांच्या पट्ट्यात तो एकदम कोसळतो. तिथे फिल्म घनाकृती, मिठासारख्या रचनेच्या स्फटिकात बसते. आणखी तापवलं की तो पुन्हा सावकाश उतरत जातो, कारण रचना षट्कोनी होत जाते. थंड करताना रोध परत वर चढत नाही. पदार्थाने बदल लक्षात ठेवलेला असतो.

फक्त तुलनेसाठी मुद्दाम उघडी ठेवलेली फिल्म दीडशेच्या जवळ कोसळली. झाकलेली तिच्यापुढे बऱ्याच अंशांनी. जर्मेनियम टेल्युराइडइतका मोठा फरक नाही, पण दिशा तीच. यापुढे सगळी तुलना झाकलेल्या साध्या जीएसटीशीच.

१५ जुलै

नायट्रोजन सुरू. आर्गॉनमध्ये थोडा नायट्रोजन मिसळून स्पटरिंग केलं की तो फिल्ममध्ये शिरतो आणि मुख्यतः जर्मेनियमला धरतो. स्फटिक वाढू लागले की हे जर्मेनियम नायट्राइड त्यांच्या सीमांवर अडून बसतं. कण लहान राहतात आणि वाढ अडखळते.

२२ जुलै

अपेक्षेप्रमाणे कोसळण्याचं तापमान वर सरकतंय, नायट्रोजन वाढवला की आणखी वर. सर्वांत जास्त नायट्रोजनवाल्या फिल्मने दोनशे ओलांडले.

त्याची किंमतही आलेखातच दिसते. स्फटिक अवस्थेतला रोध वाढला, म्हणजे दोन अवस्थांमधलं अंतर कमी झालं. यात एक चांगली बाजू आहे. रोध जास्त असला की तेवढ्याच उष्णतेला प्रवाह कमी लागतो, आणि वितळवण्याचा प्रवाह हीच या मेमरीची जुनी अडचण आहे. कारण तो पुरवणारा ट्रान्झिस्टर मोठा ठेवावा लागतो आणि मग सेल लहान करून फायदा राहत नाही. पण अंतर फार घटलं तर वाचणाऱ्या सर्किटला ० आणि १ यांच्यात चूक न करणं अवघड जातं. नायट्रोजन कितीही वाढवत नेण्यात अर्थ नाही. मधल्या प्रमाणाची फिल्म पुढच्या मोजणीला घेतली.

३० जुलै

किसिंजरची पद्धत. तीच फिल्म मिनिटाला २, ५, १० आणि २० अंश अशा वेगांनी तापवायची. वेग वाढला की कोसळण्याचं तापमान पुढे सरकतं. त्या सरकण्याची रेषा काढली की तिच्या उतारावरून सक्रियण ऊर्जा निघते, म्हणजे स्फटिक होताना अणूंना ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडथळा. साध्या जीएसटीसाठी ती साधारण २.२ ते २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट अशी प्रसिद्ध आहे आणि आमची झाकलेली फिल्म त्याच घरात आहे. नायट्रोजनवालीची रेषा स्पष्टपणे जास्त उभी, म्हणजे अडथळा मोठा.

या ऊर्जेवरून दहा वर्षं टिकण्याचं तापमान काढायची प्रथा आहे. नव्या मुलांसाठी सांगते, ही रेषा कमी तापमानाकडे ओढत नेता येते, जास्त तापमानाकडे नाही. दोनशे अंशांच्या आसपास मोजलेली रेषा सरळ पाचशेपर्यंत वाढवली तर उत्तर साफ चुकतं. एक हिशेब करून पाहा. दहा वर्षं म्हणजे सुमारे ३१ कोटी सेकंद. चिपमध्ये लिहिताना तोच पदार्थ पन्नास-शंभर नॅनोसेकंदांत स्फटिक व्हायला हवा. या दोन वेळांमध्ये दहाच्या सुमारे पंधराव्या-सोळाव्या घाताचा फरक आहे. एकाच पदार्थाने एवढं अंतर कापायचं म्हणजे तापमानाबरोबर त्याचा चिकटपणा फार विचित्र रीतीने बदलायला हवा. २०१२ मध्ये केंब्रिजच्या ग्रीअर यांच्या गटाने अतिवेगवान कॅलरीमापनाने (फार वेगाने तापवत उष्णता मोजून) हेच दाखवलं. थंडावत जाणारा द्रव जीएसटी वितळबिंदूजवळ अगदी पातळ असतो आणि काचेच्या संक्रमणाकडे (द्रव गोठून काचेसारखा होतो त्या तापमानाकडे) येता येता एकदम घट्ट होतो. मला हा पदार्थ आवडतो तो यासाठी. वेग आणि टिकाऊपणा यांचं भांडण तो अर्धंअधिक स्वतःच मिटवतो. आपण उरलेलं मिटवायचा प्रयत्न करतोय.

६ ऑगस्ट

गटात आज ड्रिफ्टवरून, म्हणजे रोध आपोआप सरकत जाण्यावरून, बराच वाद झाला. अस्फटिक जीएसटीचा रोध नुसता ठेवला तरी वाढत राहतो. गोठताना अणू घाईत अडकलेले असतात, ते हळूहळू सैलावतात. वाढ काळाच्या घातात होते आणि घातांक ०.१ च्या आसपास. म्हणजे काळ दसपट झाला की रोध सुमारे सव्वापट.

धाकट्या सहकाऱ्याचं म्हणणं, आधी हेच सोडवायला हवं. त्याचा ओढा गणन करणाऱ्या मेमरीकडे आहे, जिथे न्यूरल नेटवर्कचे भार (त्यातल्या जोडण्यांचे आकडे) थेट सेलच्या रोधात साठवतात. आयबीएमच्या झुरिक प्रयोगशाळेचं काम त्याने पूर्ण वाचलंय. तिथे रोध सव्वापट झाला तर गणितच चुकतं, त्यामुळे त्याचा आग्रह मला पटतो. त्यावर उपायही निघालेत. २०१९ मध्ये अँटिमनी टेल्युराइडच्या पातळ थरांमध्ये टायटॅनियम टेल्युराइडचे न वितळणारे थर घालून ड्रिफ्ट फार खाली आणल्याचं प्रसिद्ध झालं. पण आपल्या गाडीच्या चिपला एका सेलमध्ये एकच बिट लागतो. तिथे ड्रिफ्टने ०, म्हणजे मोठ्या रोधाची अस्फटिक अवस्था, आणखी ठळक होतो. मॅडमनी दोघांचं ऐकून सांगितलं, "त्याने तो प्रश्न पुढच्या वर्षी स्वतःचा म्हणून घ्यावा. या नमुन्यांत तो मिसळायचा नाही."

१९ ऑगस्ट

पावसाने कहर केलाय. रुळांवर पाणी, मध्य रेल्वेच्या लोकल बंद, शाळा-कार्यालयांना सुट्टी. मी डोंबिवलीतच. नमुने सिलिका जेलच्या डब्यांत बंद आहेत आणि झाकलेले आहेत, त्यामुळे काळजी नाही. दिवसभर वाचलं.

अनेकजण विचारतात की ही मेमरी तर बंद पडली ना, मग यावर काम कशाला? त्यांच्या डोक्यात ऑप्टेन ही इंटेलची मेमरी असते. इंटेल आणि मायक्रॉन यांनी जुलै २०१५ मध्ये थ्रीडी क्रॉसपॉइंट जाहीर केलं, २०१७ मध्ये ते ऑप्टेन नावाने बाजारात आलं, २०२१ मध्ये मायक्रॉन बाहेर पडली आणि जुलै २०२२ मध्ये इंटेलने ते आवरतं घेतलं. चिप उघडून तपासणाऱ्यांना आत जीएसटीच्याच कुळातला थर सापडला होता. माझ्या मते तिथे पदार्थ हरला नाही. डीरॅमपेक्षा (संगणकाच्या मुख्य मेमरीपेक्षा) हळू आणि फ्लॅशपेक्षा (पेनड्राइव्हमधल्या मेमरीपेक्षा) महाग अशा मधल्या जागेला पुरेसं गिऱ्हाईक मिळालं नाही, आणि खप नाही म्हणून किंमतही उतरली नाही. त्याच काळात एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स या चिप कंपनीने २८ नॅनोमीटरच्या तंत्रावर गाड्यांच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये हीच मेमरी बसवली. २०२४ मध्ये त्यांनी १८ नॅनोमीटरची पुढची पायरी जाहीर केली. एवढ्या लहान आकारात चिपच्या आतली फ्लॅश बनवणं अवघड आणि खर्चिक होत जातं. फेज-चेंजचा थर मात्र ट्रान्झिस्टर झाल्यावर, वरच्या धातूच्या तारांबरोबर बसवता येतो. गरज खरी आहे आणि गिऱ्हाईक ठरलेलं आहे.

कल्पना तर जुनीच. स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की यांचा अस्फटिक पदार्थांतल्या विद्युत स्विचिंगवरचा निबंध १९६८ चा. १९७० मध्ये २५६ बिटांच्या मेमरीवरचा लेख आला, त्याच्या लेखकांत इंटेलचे एक संस्थापक गॉर्डन मूर होते. तेव्हा अडलं ते प्रवाहावर, आणि आजही मुख्य झगडा त्याच्याशीच आहे.

म्हणूनच २०२४ चं इंडियम सेलेनाइडवरचं काम मी पुन्हा वाचलं. बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आणि एमआयटी यांनी मिळून केलेलं. इंडियम सेलेनाइडच्या तारेतून प्रवाह वाहू दिला तर वितळल्याशिवायच ती अस्फटिक होत जाते. विद्युतक्षेत्र, पदार्थाचं दाबाने वीज निर्माण करणं आणि थरांची घसरण यांनी आतली रचना हिमस्खलनासारखी मोडत जाते. लागणारी ऊर्जा वितळवण्याच्या तुलनेत अब्जपटीपर्यंत कमी असल्याचं त्यांनी मांडलंय. हे चिपमध्ये कधी बसेल ते वेगळं, पण अस्फटिक करायला वितळवावंच लागतं हे आपण गृहीत धरत होतो आणि ते मोडलं. भारतातल्या प्रयोगशाळेचा यात हात आहे याचा मला मनापासून अभिमान आहे.

२६ ऑगस्ट

एक्स-रे विवर्तनाचे निकाल आले. यात स्फटिकावरून परतणारे एक्स-रे कुठल्या कोनाला जोरात येतात ते पाहतात. साध्या जीएसटीला तापवल्यावर २९.७ आणि ४२.५ अंशांच्या कोनांच्या आसपास घनाकृती रचनेची टोकं, नेमकी आणि उंच. नायट्रोजनवालीत टोकं तिथेच, पण पसरट. कण लहान आहेत, म्हणजे १५ जुलैला लिहिलेली यंत्रणा जुळते. न तापवलेल्या दोन्ही फिल्ममध्ये टोक नाही, नुसता सपाट फुगवटा.

उद्या गणपती. प्रयोगशाळा काही दिवस बंद.

९ सप्टेंबर

विसर्जनानंतर पुन्हा सुरू. काही नमुन्यांत तापवल्यावर झाकणाला बारीक भेगा दिसल्या. स्फटिक होताना जीएसटी साधारण सहा टक्क्यांहून जास्त आक्रसते. खालचा वेफर आक्रसत नाही, वरचं झाकणही नाही, मग ताण कुठेतरी सुटतोच. चिपच्या सेलमध्ये याच आक्रसण्याने पोकळ्या पडतात. त्यात प्रत्येक लिहिण्यात प्रवाहाबरोबर अँटिमनी आणि जर्मेनियम ऋण टोकाकडे, टेल्युरियम धन टोकाकडे सरकतं. कोट्यवधी वेळा लिहिल्यावर सेल मरतो तो बहुधा या दोन कारणांनी. झाकण थोडं जाड करून पाहायचं.

१६ सप्टेंबर

आज भट्टीची परीक्षा घेतली. झाकलेली, मधल्या नायट्रोजनची फिल्म हॉटप्लेटवर २६० अंशांना दोन मिनिटं. रोध कोसळला. सर्वांत जास्त नायट्रोजनवालीचाही. १५० अंशांवर मात्र रात्रभर ठेवलेल्या तुकड्यात दोन्ही अस्फटिक राहिल्या होत्या. म्हणजे गाडीच्या इंजिनाजवळ या फिल्म उभ्या राहतील अशी आशा आहे, पण बोर्डावर बसताना टिकणार नाहीत.

मॅडमशी दुपारी बसले. नायट्रोजन आणखी वाढवला तर अवस्थांमधलं अंतर हातचं जाईल, यावर दोघींचं एकमत. पुढचा मार्ग जर्मेनियम वाढवण्याचा. जर्मेनियम भरपूर असलेली जीएसटी, सोबत थोडा नायट्रोजन, तीनशेच्याही वर अस्फटिक राहते हे माहीत आहे. गाड्यांच्या चिपमध्ये तीच वापरतात. तिची अडचण वेगळी आहे. स्फटिक होताना जादाचं जर्मेनियम बाजूला पडतं आणि फिल्मचे जर्मेनियमचे व जीएसटीचे असे वेगळे भाग होतात. मग प्रत्येक सेलचं वागणं थोडं वेगळं, आणि स्फटिक व्हायलाही जास्त वेळ. आपल्याला वेगाची घाई नाही, ते आपण जूनमध्येच सोडलंय. विभक्त होण्याचं प्रमाण किती जर्मेनियमला सुरू होतं आणि झाकणाने ते बदलतं का, हा प्रश्न मला उघडा दिसतोय. तोच घ्यायचा.

काकांना दुसऱ्या गनसाठी (चेंबरमधला टार्गेट धरणारा भाग) टार्गेटची मागची प्लेट करायला सांगितली आहे. ते म्हणाले, शुक्रवारपर्यंत देतो. सोमवारी जर्मेनियम आणि जीएसटी यांचं एकत्र स्पटरिंग, जर्मेनियमच्या गनची शक्ती सर्वांत कमी ठेवून सुरुवात. नायट्रोजन या फेरीत बंद. झाकण जाड, आणि प्रत्येक तुकडीबरोबर साध्या जीएसटीचा एक झाकलेला नमुना.